पट्टीवरचे पाचशे पौंड

इंगवले साहेबांनी खिशातून चार आण्याचं नाणं काढलं, ट्रॉलीच्या पुढच्या अंगाला उकिडवे बसले आणि हिरवा रंग खरवडू लागले. रंग ताजा होता. तो उडत नव्हता, नाण्याच्या कडेला चिकटून गोळा होत होता. साहेब दर दोन ओढींनंतर नाणं रुमालाला पुसत होते. त्यांना कसलीच घाई नव्हती. घाई मला होती, आणि ती दाखवायची सोय नव्हती.

"लष्करी ट्रॉलीला इथं पितळेची पट्टी असते," ते म्हणाले. "किती वजन भरायचं ते तिच्यावर लिहिलेलं असतं. तुमचं नोंदणीचं पुस्तक घरी राहिलं म्हणता, मग हिलाच विचारू."

आंबेखिंडीच्या पायथ्याचा आरटीओचा नाका, साहेब तिथले इन्स्पेक्टर, माघातलं दुपारचं ऊन. जीप माझी, चालवणारा मी. शेजारी बाबालाल मिस्त्री. मागच्या बाकावर गणूतात्या, आमच्या देवस्थानाचे पंच आणि नात्यानं माझे चुलते. ट्रॉलीत पेंढ्यावर निजवलेली वाघजाईची काळ्या पाषाणाची नवी मूर्ती, आणि तिला हातानं धरून बसलेली सोनाबाई गुरवीण. खिंड चढून पलीकडं तीन वळणं उतरलं की आमची पेंढरेवाडी. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मूर्तीची स्थापना होती आणि अख्खं गाव वाटेकडं डोळे लावून बसलं होतं.

साल एकोणऐंशी. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि त्या दिवसापर्यंत गावानं मला एकदाही चांगलं म्हटलेलं नव्हतं.

त्याला कारण ही जीप. महायुद्धाच्या काळातली, लष्करानं लिलावात काढलेली. जोडीला तिचीच दोन चाकांची बुटकी ट्रॉली. गावातला पहिला मॅट्रिक पास पोरगा नोकरी धरायची सोडून भंगार घेऊन आला, म्हणून लोक हसले. लहान पोरंसुद्धा माझं नाव जोडून ‘रंगाचं खटारं’ म्हणत मागं धावायची. एकटे बाबालाल मिस्त्री तेवढे हसले नाहीत. गडहिंग्लजच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, जीव हाय हिच्यात.

मी त्यांना चाचा म्हणायचो. अकरा महिने आम्ही दोघं त्या जीपला लागलो होतो. चाचांना इंजिनाच्या आवाजावरून दुखणं कळायचं, अक्षर मात्र एकही कळत नव्हतं. सुट्या भागांच्या खोक्यांवरचं, जीपबरोबर आलेल्या फाटक्या पुस्तकातलं इंग्रजी मी वाचून सांगायचो आणि ते हातानं करायचे. ‘तुझं डोळं, माझं हात’ असं ते म्हणत, आणि मला त्याचा फार अभिमान वाटे.

त्यांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते हे, की गाडी किती ओढते याला किंमत नाही. ओढायला काय, बैलही ओढतो. ती किती थांबवू शकते ते बघायचं. असल्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर ती मागून जीपला ढकलते आणि सगळा भार जीपच्या चार चाकांवर येतो. म्हणून तर सरकारनं वजनाला हद्द घालून दिलेली असते, आणि ती हद्द चढासाठी नसून उतारासाठी असते, असं चाचा सांगत.

मूर्ती न्यायची वेळ आली तेव्हा ट्रकवाल्यांनी खिंडीपलीकडची वळणं बघून हात वर केले. मग एका संध्याकाळी गणूतात्या स्वतः माझ्या दारात आले. तुझं खटारं देवीला आणील का, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या तोंडातलं ‘खटारं’ मला त्या दिवशी गोड लागलं. मी लगेच हो म्हणून बसलो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

चाचांनी दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, मूर्तीचं वजन किती. ते मूर्तिकाराला विचारलं तर त्यानं कानाला हात लावले. देवाचं वजन करत नाहीत, विचारतही नाहीत, उचलणाऱ्याला काय ते कळतं, म्हणाला. दुसरी गोष्ट, ट्रॉलीच्या पट्टीवर काय लिहिलंय. मी पट्टीपाशी वाकलो, वाचलं आणि त्यांना आकडा सांगितला. चाचांनी मनाशी काही हिशेब केला आणि म्हणाले, "मग बसंल."

निघालो त्या दिवशी मूर्ती ट्रॉलीत ठेवायला आठ माणसं लागली. रस्त्यानं तर गावागावांत बायका ताटं घेऊन उभ्या. कुणी खण-नारळानं ओटी भरी, कुणी पायली पायली तांदूळ वाही, एका गावानं तर गुळाची अख्खी ढेप देवीच्या पायाशी ठेवली. देवीच्या ओटीला नको कोण म्हणणार? दर थांब्याला चाचा खाली उतरत, ट्रॉलीच्या स्प्रिंगचे पाटे बघत, बोटानं चाचपत आणि परत येऊन बसत. तिसऱ्या गावी ते नुसतं "लईच बसलीया रं" म्हणाले. मी गाडी गिअरमध्ये टाकली.

आणि आता इंगवले साहेबांच्या नाण्याखाली पितळ चमकायला लागलं होतं.

"पाचशे पौंड," साहेबांनी वाचलं. "म्हणजे सव्वादोनशे किलो झाले. यात तर दुप्पट दिसतंय." ते गुडघ्यावर हात देऊन उठले. "पट्टीवर रंग कुणी मारला?"

मी तोंड उघडायच्या आत मागून तात्या बोलले. "गाडीचा रंग मिस्त्रीनंच मारलाय साहेब."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. एखादी गाडी चालता चालता बंद पडली की ते जसे नुसते तिच्याकडं बघत राहत, तसं पाहिलं. मग साहेबांकडं वळून म्हणाले, "व्हय साहेब. माझ्याच हातनं झालं. नजरचूक."

खरं सांगायचं तर ब्रश माझ्या हातात होता. चाचांनी गाडी रंगवताना ती पट्टी कापडानं झाकून ठेवली होती आणि रंग वाळल्यावर तेल लावून पुसली होती. निघायच्या आदल्या दिवशी शेडमध्ये कुणी नसताना मी डब्याच्या तळाचा उरलेला रंग तिच्यावर दोन हात फिरवला होता. नोंदणीचं पुस्तकही विसरलं नव्हतं, मी ते कपाटात ठेवलं होतं. झाकली मूठ म्हणतात ना, तसं.

मी गप्प राहिलो. चाचांनी एवढं सांगितल्यावर मधे बोललो तर गोंधळ वाढेल, असं मी मनाला समजावलं. मनाला समजवायला काय लागतं?

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. तिथं बॉक्साइटच्या ट्रकांचा वजनकाटा होता. ट्रॉली सोडवून काट्यावर घ्या, जे काय असेल ते डोळ्यांनी बघू, असं ते म्हणाले. त्यावर तात्या भडकले. देवीला ट्रकांच्या काट्यावर चढवायचं? तिचं वजन किलोत करायचं? आमच्या सात पिढ्यांत असं कुणी केलं नाही. बघता बघता चहाच्या टपरीवरची माणसंही जमली आणि सगळे तात्यांच्या बाजूनं बोलू लागले. एकानं चाचांकडं बघून पुटपुटत काहीतरी म्हटलं. मिस्त्री, देवी आणि अडवणूक हे तीन शब्द मला ऐकू आले. मिस्त्रींच्या डोक्यावरच्या जाळीच्या टोपीकडं त्याची नजर होती, तीही मला दिसली. चाचा हात पुसत उभे होते. हात कोरडेच होते.

तोवर सोनाबाई ट्रॉलीतून उतरली. साठीच्या पुढची, काटक बाई. वाघजाईची पूजा तिच्या घराण्याकडं. देवीच्या बाबतीत तिच्यापुढं पंचांचंही चालत नसे. तिनं पदर खोचला आणि विचारलं, "तात्या, स्थापना कवा हाय?"

"उद्या नऊला. का?"

"मग आज ही देवी झाली कुटं? उद्या नऊला व्हनार. तवर ह्यो धोंडा हाय, कुकू लावल्याला. करा वजन. एकदा का बसली की मग न्हाई ती कुणाला करू देत." आणि जाता जाता तिनं आणखी एक वाक्य टाकलं. "मी मघापस्नं हिला धरून बसलीया असं वाटतंय व्हय तुमाला? हिलाच धरून मी बसलीया. प्रत्येक वळनाला ही ट्रॉली जीपला ढुश्या मारतीया."

ट्रॉली सोडवून काट्यावर ढकलली. सहाशे नव्वद किलो. ओटीचा सगळा माल उतरवून पुन्हा वजन केलं, सहाशे. ट्रॉलीचं स्वतःचं अडीचशे वजा केलं तरी नुसती मूर्ती साडेतीनशे किलोची. म्हणजे बाकी सगळं रस्त्यात टाकलं असतं तरी वाघजाई माझ्या ट्रॉलीतून कायद्यानं जाऊ शकत नव्हती.

साहेबांनी कागदावर आकडे लिहिले आणि कागद खिशात ठेवला. दंड करत नाही, पण मूर्ती ट्रॉलीत घालून गाडी पुढं जाऊ देणार नाही, असं त्यांनी तात्यांना बाजूला घेऊन सांगितलं. सायकलवरून एकाला गावात पिटाळलं. तीनच्या सुमाराला चाळीसेक गडी आले, बांबू आणि दोरखंड घेऊन. मूर्ती बांबूंच्या चौकटीवर बांधली आणि सोळा सोळा जणांनी खांदे बदलत ती उचलली. हलगी घुमायला लागली. माणसं आधी चिडलेली होती, पण खांद्याला भार आल्यावर सगळ्यांची तोंडं उजळली. जीपच्या बॉनेटमागं बसून मी ते बघत होतो, आणि माझ्या वाट्याला आली होती ट्रॉलीतली नव्वद किलोंची ओटी.

मूर्ती खिंडीपलीकडं गेल्यावर आम्ही दोघं निघालो. चाचा शेजारी होते, नजर रस्त्यावर ठेवून. चढ बिनत्रासाचा गेला. माझ्या मनात आलंही, की बघा, गाडीला काय जड होतं?

मग उतार लागला. पहिलं वळण घेतलं. दुसऱ्या वळणाच्या अलीकडं मी ब्रेक दाबला आणि मागून ढुशी बसली. ट्रॉलीनं जीपचं बूड उजवीकडं सारलं, दरीच्या बाजूला. मी पुन्हा ब्रेक दाबला. सकाळपासूनच्या जादा भारानं आधीच झिजलेल्या ब्रेकच्या पट्ट्यांचा जळका वास आला आणि पाय पार खालपर्यंत गेला. "गिअर," चाचा म्हणाले. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली, चाचांनी हँडब्रेक ओढून धरला. जीप कण्हत कण्हत कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली.

खाली तिसऱ्या वळणावर मूर्ती थांबली होती. गावातल्या बायका आरती घेऊन सामोऱ्या आल्या होत्या. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसती माणसं. त्यात माझी आई होती, डोक्यावर कळशी घेतलेली. मूर्ती ट्रॉलीत असती तरी त्या तिथंच उभ्या राहिल्या असत्या. नव्वद किलोंनी आम्हाला कठड्यापर्यंत नेलं होतं. साडेचारशेंनी कुठं नेलं असतं ते माझ्या डोळ्यांसमोर दिसत होतं.

चाचा खाली उतरले, चाकांना दगड लावले आणि परत येऊन बसले. मी विचारलं, "चाचा, तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

"तुला ह्या गावात ऱ्हायचंय."

"पण ते खोटं होतं."

चाचा खाली आरतीकडं बघत होते. "रंगा, प्रत्येक गावाला मी उतरून पाटं बघितलं. माझं डोळं म्हनत हुतं, भार जास्त हाय. पन तू पट्टीवर हजार पौंड वाचलं हुतंस. म्हटलं, लिवल्यालं खोटं कसं असंल? म्हातारा झालो, आपलंच डोळं चुकत असतील." मग म्हणाले, "रंगाचं सोड. रंग कुनीबी मारतंय."

तर असा मी तो आकडा सांगितला होता. पाचशेचे हजार. ज्या माणसाला वाचता येत नाही, त्याला वाचून दाखवताना. त्या क्षणी दरीत उडी मारायला जागा हाताशी होती, पण लाज एवढी होती की तीही सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी नऊला देवी बसली. घंटा झाल्या, नैवेद्य झाला. तात्यांनी खांदा दिलेल्यांना एकेक नारळ दिला, आणि कसंही असो, निम्मी वाट तरी आणली म्हणून मलाही दिला. मग घसा खाकरून त्यांनी सांगून टाकलं, की मिस्त्रीची चूक देवीनं पदरात घेतली, पण इथून पुढं गावातलं एकही इंजिन त्याच्या शेडवर जाणार नाही. विहिरींवरची बावीस इंजिनं आणि पिठाची गिरणी. चाचांचं निम्मं पोट आमच्या गावावर होतं. चाचा सगळ्यात खालच्या पायरीवर उभे होते. त्यांनी ऐकलं आणि टोपी नीट केली.

मी नारळ खाली ठेवला. सगळ्यांदेखत बोललो. "रंग मी मारला. पुस्तक मीच घरी ठेवलं. मिस्त्रींना पट्टीवरचा आकडाबी मीच खोटा सांगितला. त्यास्नी वाचता येत न्हाई म्हनून."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग खालच्या पायरीकडं. वाकून त्यांनी माझ्यापुढचा नारळ उचलला, पायऱ्या उतरले आणि चाचांच्या हातात दिला. माझ्याशी पुढं चार वर्षं बोलले नाहीत.

गावानं मला सोडलं असं मात्र नाही. गाव कुणाला सोडत नसतं, नाव ठेवतं. माझं नाव पडलं ‘पौंड्या’. आज सत्तरी ओलांडली तरी पारावरचे दोन म्हातारे मला त्याच नावानं हाक मारतात, आणि मीही ओ देतो.

चाचांनी मला शेडवरून हाकललं नाही. गावातली इंजिनं त्यांच्याकडंच गेली. त्यांनी मला वेल्डिंग शिकवलं, इंजिन खोलायला शिकवलं, माझ्या डब्यातली भाकरी खाल्ली, माझ्या लग्नात पहिल्या पंगतीला जेवले. ट्रॉलीची पट्टी त्यांनी स्वतः राकेलनं स्वच्छ केली. पण त्या दिवसापासून त्यांनी मला काहीही वाचायला सांगितलं नाही. सुट्या भागांचं खोकं आलं की ते मी समोर बसलेला असताना उठत, रस्ता ओलांडून पोस्टमास्तरांकडं जात आणि वाचून घेऊन येत. मी कधी "द्या, मी बघतो" म्हटलं नाही. ते म्हणायचा हक्क मीच घालवला होता. असं अकरा वर्षं चाललं.

अकराव्या वर्षी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी भेटायला गेलो तेव्हा ते घराच्या पडवीत खाटेवर बसले होते, हिरवा चष्मा लावून. सून आत स्वयंपाक करत होती, नातू अंगणात मोठ्यानं धडा वाचत होता. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग चाचांनी उशीखाली हात घातला, एक छोटी बाटली काढली आणि माझ्यापुढं धरली.

"काय लिवलंय रं हिच्यावर?"

मला पहिल्यांदा अक्षरं दिसेनात. मी बाटली उजेडाला धरली, डोळे पुसले आणि सगळं वाचलं. औषधाचं नाव, किती थेंब, दिवसातून किती वेळा, उघडल्यावर किती दिवसांत संपवायचं, कुठल्या महिन्यापर्यंत चालतं. एक अक्षर सोडलं नाही.

चाचांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला, मान मागं टेकवली आणि डोळे उघडे धरले.

"घाल मग," ते म्हणाले.